आजीचा एक चुकीचा शब्द आणि मूलतत्त्ववाद

उंबरठा

आमची आजी रोज पहाटे प्रार्थना म्हणते. त्यातला एक शब्द ती गेली सत्तर वर्षं चुकीचा म्हणत आली आहे. तिच्या आईनं तसाच शिकवला, तिनं तसाच पाठ केला. अर्थ विचारला तर "ज्याला कळायचा त्याला कळतो" म्हणते आणि पुढची ओळ धरते.

गेल्या वर्षी आतेभाऊ मुक्कामाला आला होता. अभियंता आहे, वय अठ्ठावीस. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आजीसमोर फोन धरला, मूळ ग्रंथातलं पान उघडलं, बोटांनी अक्षर मोठं केलं आणि म्हणाला, "आजी, हे बघ. तू म्हणतेस तो शब्दच नाहीये. अशानं पुण्य राहू दे, उलट पाप लागतं." शब्दावरून गाडी बसायच्या दिशेवर गेली, तिथून वेळेवर, तिथून शेजारणीच्या घरी त्यांच्या सणाला जाण्यावर. दहा मिनिटांत सत्तर वर्षं नापास.

धर्म कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की बाकीचं कुणी वाचणार नाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. मूलतत्त्ववाद्याला आपण सर्रास 'जुनाट', 'मध्ययुगीन' म्हणतो. पण आमच्या घरात जुनी होती ती आजी, आतेभाऊ चांगलाच नवा होता. त्याचा धर्म त्याच्या आईवडिलांकडून आलेला नाही. त्यानं तो वाचून, व्हिडिओ बघून, चार पर्याय तपासून निवडलेला आहे. आपण फोन निवडतो तसा.

शब्दांच्या जन्मतारखाही बघा. 'सेक्युलॅरिझम' हा शब्द १८५१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज जेकब होलिओकनं घडवला. हा गृहस्थ त्याआधीच ईश्वरनिंदेच्या गुन्ह्याखाली सहा महिने तुरुंगात राहून आलेला. 'फंडामेंटलिस्ट' त्याहून तरुण, १९२० चा, अमेरिकेतला. १९१० ते १९१५ या काळात तिथे ख्रिस्ती धर्माच्या मूलतत्त्वांवर बारा खंडांची निबंधमाला निघाली. पैसा लायमन स्ट्युअर्ट या तेलाच्या व्यापाऱ्याचा, खंड पाद्र्यांना फुकट. त्यानंतर कर्टिस ली लॉज या संपादकानं आपल्या नियतकालिकात 'मूलतत्त्वांसाठी लढणारे' या अर्थानं हा शब्द काढला. शिवी म्हणून आला नव्हता तो, बिरुद म्हणून आला होता.

म्हणजे दोन्ही शब्द छापखाना, आगगाडी आणि सार्वत्रिक शाळेच्या जमान्यातले. माझा प्रश्न असा: धर्मनिरपेक्ष व्यवस्था मूलतत्त्ववादाला आवर घालते, की त्याला जन्माला घालते?

मीठमिरची

या धाग्यावर प्रतिसादांची शंभरी नक्की. खुर्ची टाकून बसलो आहे.

आडवा प्रश्न

धर्म लिहिला नाहीत तरी वर्णनावरून लगेच कळला. दिशा, वेळ, शेजाऱ्याचा सण. आणखी काय पुरावा हवा?

कोरी पाटी

@आडवा प्रश्न, मलाही लगेच कळला. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून बघितलं तर तुमचा धर्म वेगळा आणि माझा वेगळा. दोघांनीही स्वतःचा सोडून दुसऱ्याचा ओळखलाय. :)

शंकेखोर

लेखन आवडलं, निष्कर्ष पटला नाही. मूलतत्त्ववाद आधुनिक आहे हे हल्ली फार ऐकू येतं. मग इटलीतला धर्मोपदेशक साव्होनारोला कोण होता? १४९७ मध्ये फ्लॉरेन्सच्या चौकात आरसे, चित्रं, पुस्तकं, सोंगट्या यांची होळी केली त्यानं. (पुढच्याच वर्षी त्याच चौकात त्याला फाशी देऊन जाळलं, हा भाग वेगळा.) १५५३ मध्ये जिनिव्हात सर्व्हेटसला ख्रिस्ती त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) वेगळं मत लिहिलं म्हणून जिवंत जाळलं. तेव्हा ना सेक्युलॅरिझम होता, ना फोन. कट्टरपणा माणसाइतकाच जुना आहे, नाव नवं असेल.

उंबरठा

कट्टरपणा जुना आहे, मान्य. पण जिनिव्हात सर्व्हेटसला जाळणारे लोक 'आपण धर्माकडे परत चला' असं म्हणत नव्हते. सगळं शहर धर्मातच होतं, भांडण कुठल्या वाटेनं जायचं एवढंच. 'परत चला' म्हणायला आधी कुणीतरी बाहेर पडलेलं असावं लागतं.

यातला माझा आवडता नमुना प्रेस्बर्गचा, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाचा. तिथले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोझेस सोफेर, ज्यांना हातम सोफेर म्हणतात, त्यांचा काळ १७६२ ते १८३९. युरोपातल्या ज्यूंना हळूहळू नागरिकत्व मिळू लागलं होतं, पोरं बाहेरच्या शाळांत जायला लागली होती, प्रार्थनेत सुधारणा करा म्हणणारे घरातूनच निघत होते. तेव्हा या रब्बींनी एक जुनं वचन बाहेर काढलं: नवं ते धर्मग्रंथानंच निषिद्ध. आता हे मूळ वचन धान्याबद्दल आहे. हंगामातलं नवं धान्य मंदिरात अर्पण व्हायच्या आधी खायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी ते उचललं आणि कपडे, भाषा, शिक्षण, सगळ्या नव्या गोष्टींना लावलं. 'काहीही नवं चालणार नाही' हे सांगायला वचनाचा अर्थच नवा काढावा लागला!

शंकेखोर

हे माहीत नव्हतं. पण हे चतुर श्लेष झाले. त्यांना मूलतत्त्ववादी म्हणायचं की फक्त कर्मठ?

पाणवठा

कर्मठ आणि मूलतत्त्ववादी यात मी एक साधा फरक करते. कर्मठ स्वतःला पाळायला लावतो. मूलतत्त्ववादी शेजाऱ्याला, आणि मग कायद्याला. माझ्या ओळखीतले एक काका इतके सोवळे की आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. पण आम्ही काय करतो यावर आयुष्यात चकार शब्द काढला नाही. त्रास त्यांचा त्यांना.

उंबरठा यांच्या मूळ प्रश्नाबद्दल: जन्माला घालत नसेल, पण खतपाणी नक्की घालते. इराणचं बघा. १९३६ मध्ये रझा शाहनं हिजाबवर बंदी आणली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादर ओढून काढायचे. देश 'आधुनिक' करायचा होता ना. परिणाम? अनेक बायका घराबाहेर पडेनाशा झाल्या. १९७९ मध्ये क्रांती झाली, १९८३ मध्ये हिजाब न घालणाऱ्या बाईला ७४ फटक्यांपर्यंतची शिक्षा आली. सरकार बदललं, कापड बदललं नाही आणि बाईला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. तिच्या डोक्यावर काय असावं हे ठरवायचा हक्क सरकारचाच, हे आधी शाहनं रुजवलं. आयतोल्लांनी आयता उचलला.

आडवा प्रश्न

म्हणजे ओढून काढणारा आणि फटके मारणारा एकाच पारड्यात? कमालच.

पाणवठा

पारड्यात घालत नाही हो. फटके वाईटच. रस्ता कुणी बांधला एवढंच सांगते आहे.

तुर्कस्तानातही तसंच. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द झाली हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच दिवशी धर्मखात्याचं सरकारी संचालनालय स्थापन झालं हे कुणी सांगत नाही. मशिदी त्याच्या ताब्यात, इमाम त्याचे पगारी नोकर. १९३७ मध्ये राज्यघटनेत 'लाइकलिक', म्हणजे तुर्की धर्मनिरपेक्षता, आली. पण धर्म आणि सरकार वेगळे झालेच नव्हते, धर्म सरकारी नोकरीला लागला होता. हे यंत्र पुढे ज्याच्या हातात सत्ता येईल त्याला आयतंच मिळणार होतं. १९९९ मध्ये निवडून आलेली एक खासदार डोक्याला रुमाल बांधून शपथ घ्यायला आली, तर सभागृहात बाकं वाजवून 'बाहेर जा'चा गजर झाला आणि तिला शपथ घेता आली नाही. लोकांनी मत देऊन पाठवलेली बाई! त्या दिवशी तिच्या विरोधकांनी तिच्या पक्षाला किती मतं मिळवून दिली असतील, देव जाणे.

जुनी वही

चर्चा चांगली चालली आहे. दोन पैशाची भर.

शपथेवरून आठवलं. तुर्कस्तानच्या प्रसंगाचा आरसा लंडनच्या संसदेत सापडतो. १८८० मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आला. नास्तिक माणूस. 'देवाला स्मरून' शपथ घेण्याऐवजी नुसतं वचन देतो म्हणाला. नाही म्हणाले. मग म्हणाला, बरं, शपथ घेतो. त्यालाही नाही, कारण तुझा देवावर विश्वासच नाही तर तुझ्या शपथेला अर्थ काय! एक रात्र त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवलं. जागा रिकामी झाली की लोक पुन्हा त्यालाच निवडून द्यायचे. अखेर १८८६ मध्ये त्याला बसू दिलं आणि १८८८ मध्ये त्यानंच कायदा करून घेतला की ज्याला शपथ नको त्यानं वचन द्यावं.

एकीकडे देव नको म्हणणारा दारात अडवला, दुसरीकडे रुमाल हवा म्हणणारी. अडवणाऱ्यांचे चेहरे मला सारखेच दिसतात.

कोरी पाटी

+१. ब्रॅडलॉचा किस्सा भारी.

आडवा प्रश्न

सगळं ठीक आहे, पण मुळात हे विज्ञान विरुद्ध अज्ञान आहे. १९२५ चा स्कोप्स खटला बघा. उत्क्रांती शिकवली म्हणून शिक्षकावर खटला! शिक्षण वाढलं की मूलतत्त्ववाद आपोआप जातो.

जुनी वही

नेमका हाच खटला तुमच्या विरोधात जातो, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा कायदा झाला. एका नागरी हक्क संघटनेनं जाहिरात दिली की कुणी हा कायदा मोडायला तयार असेल तर खटला आम्ही लढवू. डेटन नावाच्या छोट्या गावातल्या पुढाऱ्यांना वाटलं, गावाचं नाव होईल. त्यांनीच शिक्षक शोधला. शेवटी कोर्टात इतकी गर्दी आणि उकाडा की न्यायाधीशांनी कामकाज बाहेर हिरवळीवर आणलं. तिथे बचावाचा वकील डॅरो यानं विरुद्ध बाजूच्या ब्रायनलाच साक्षीला उभं केलं आणि बायबलवर उलटतपासणी घेतली. योना माशाच्या पोटात, सूर्य थांबला, वगैरे. देशभर ब्रायनचं हसं झालं. खटला संपल्यावर पाच दिवसांत तो वारला. शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला, तोही पुढे तांत्रिक कारणावरून रद्द.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आता दुसरं पान. ज्या पाठ्यपुस्तकावरून हा खटला झाला त्यात मानववंशांची उतरंड होती, गोरे सर्वांत वर. 'निकृष्ट' माणसांना मुलं होऊ देऊ नयेत अशा विचाराचा सुप्रजननाचा मजकूरही होता. विज्ञानाच्या पुस्तकात! आणि ब्रायन? तीनदा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, मजूर-शेतकऱ्यांचा कैवारी, स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूचा. बळी तो कान पिळी हा न्याय उत्क्रांतीच्या नावाखाली समाजाला लावला जाईल, ही त्याची भीती अगदीच खुळी नव्हती. बायबलमधली वर्षं मोजण्यात तो चुकला, त्या भीतीत नाही.

खटल्यानंतर शहरी पत्रकारांनी या मूलतत्त्ववादी लोकांना गावंढळ म्हणून निकालात काढलं. ते निमूटपणे सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. संपले नाहीत. स्वतःची महाविद्यालयं, स्वतःची रेडिओ केंद्रं, स्वतःच्या प्रकाशनसंस्था उभारत बसले. १९६२ आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, आणि १९७९ मध्ये 'मॉरल मेजॉरिटी' म्हणून तीच मंडळी थेट मतपेटीशी उगवली. मधली पन्नास वर्षं विद्वान मंडळी समजत होती की प्रश्न मिटला.

विद्वानांचं तर विचारूच नका. पीटर बर्जर हे धर्माच्या समाजशास्त्रातलं मोठं नाव. १९६८ मध्ये त्यांनी भाकीत केलं होतं की एकविसाव्या शतकापर्यंत श्रद्धाळू लोक छोट्या छोट्या पंथांतून एकमेकांना धरून उरलेले दिसतील. १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की आपलं चुकलं, जग होतं तितकंच धार्मिक आहे. चूक अशी जाहीरपणे कबूल करणारा माणूस मला आवडतो. आंतरजालावर तर दुर्मीळच.

मीठमिरची

शेवटचं वाक्य मला उद्देशून असेल तर मी चुकलो नव्हतो.

कानामात्रा

जरा शब्दांकडे वळतो, कारण मराठीत आपण चार वेगळ्या गोष्टींना एकच समजून भांडतो. 'निधर्मी' म्हणजे ज्याला धर्म नाही तो. राज्य निधर्मी असू शकतं, नागरिकांनी तसं असण्याची गरज नाही. 'सर्वधर्मसमभाव' ही मनाची वृत्ती झाली, चांगलीच आहे, पण तिच्यावर खटला चालवता येत नाही. 'इहवाद' मला सगळ्यांत नेमका वाटतो: या जगाचे प्रश्न या जगातल्या कारणांनी सोडवायचे, परलोकाचं ज्याचं त्यानं बघावं. होलिओकला अभिप्रेत होतं ते जवळपास हेच. आणि 'धर्मनिरपेक्ष', जो १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं उद्देशिकेत आला. मराठी प्रतीत 'धर्मनिरपेक्ष' आणि हिंदी प्रतीत 'पंथनिरपेक्ष', हीसुद्धा गंमत.

शिवाय भारतीय राज्यघटना धर्मापासून फक्त चार हात लांब उभी राहत नाही. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, २५ मध्ये धर्मस्वातंत्र्यासोबतच हिंदूंची सार्वजनिक मंदिरं सगळ्या हिंदूंना खुली करण्याची मुभा आहे. म्हणजे भिंत कमी आणि दरवाजा जास्त. फ्रेंच पद्धतीची फूटपट्टी इथे लावली की गोंधळ होतो. फ्रान्सचंही काही सरळ नाही म्हणा: १९०५ च्या कायद्यानं चर्च आणि राज्य वेगळे केले, पण अल्सास आणि मोझेल तेव्हा जर्मनीकडे होते, म्हणून तिथे पाद्री, पास्टर आणि रब्बी आजही सरकारी पगारावर आहेत. शंभर वर्षं झाली, कुणी बदलायला धजत नाही.

आडवा प्रश्न

आता भारताचं निघालंच आहे तर सध्याच्या सरकारबद्दल

कोरी पाटी

@आडवा प्रश्न, नको. हात जोडते. त्यासाठी आणखी साठ धागे आहेत.

शंकेखोर

सगळं वाचलं. एक गोष्ट खटकते ती बोलतो. तुर्कस्तान, इराण, डेटनचे टवाळ पत्रकार, सगळी उदाहरणं अशी निवडली आहेत की शेवटी खापर धर्मनिरपेक्षतेच्या डोक्यावर फुटावं. मॉस्कोतलं ख्रिस्तरक्षकाचं कॅथेड्रल १९३१ मध्ये सुरुंग लावून उडवलं, तिथे पुढे उघड्यावरचा पोहण्याचा तलाव झाला, आणि २००० मध्ये त्याच जागी तसंच कॅथेड्रल पुन्हा उभं राहिलं, हेही कुणी आणेल आता. तो नास्तिकतेचा सरकारी पंथ होता. मी ज्याची बाजू घेतो आहे तो हा नव्हे.

उलटी उदाहरणं घ्या ना. पाकिस्तानात कुठल्या सेक्युलर सरकारनं कुणाचा रुमाल ओढला होता? १९५३ मध्ये पंजाबात अहमदियांविरुद्ध (स्वतःला मुसलमान मानणारा एक पंथ) दंगली झाल्या. चौकशी न्यायमूर्ती मुनीर यांच्याकडे. १९५४ चा त्यांचा अहवाल मिळाला तर जरूर वाचा. त्यांनी एकेका उलेमाला साधा प्रश्न विचारला, मुसलमान कोणाला म्हणायचं? दोघांचं एक उत्तर आलं नाही. आणि निष्कर्ष असा की एकाची व्याख्या धरली तर बाकी सगळे धर्माबाहेर जातात. तरीही १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून संसदेनं अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं, आणि १९८४ च्या अध्यादेशानं त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणवणं हाच गुन्हा झाला. तिथे धर्म दाबला गेल्याची प्रतिक्रिया कुठे आहे? सरकारनं मागणी मान्य केली की ती वाढते, एवढंच दिसतं.

उंबरठा

शंकेखोर, हा प्रतिसाद वाचून मी माझा मूळ प्रश्न मागे घेतो. 'आवर घालते की जन्माला घालते' ही मांडणीच चुकली.

तुमच्या उदाहरणातून मला वेगळंच दिसतं. मुनीर यांच्यासमोरचा वाद मुसलमान आणि नास्तिक यांच्यात नव्हता. मुसलमान आणि मुसलमान यांच्यात होता. सर्व्हेटस ख्रिस्ती होता, त्याला जाळणारेही ख्रिस्ती. आमच्याकडे फोन धरला गेला तो शेजारणीसमोर नाही, आजीसमोर. मूलतत्त्ववादाचं पहिलं गिऱ्हाईक घरातलं असतं. परधर्मीयाला तो शत्रू समजतो, पण स्वधर्मातल्या वेगळ्याला फितूर समजतो, आणि फितुराला शिक्षा नेहमी जास्त.

म्हणून धर्मनिरपेक्ष कायद्याची सगळ्यांत जास्त गरज नास्तिकाला नाही, श्रद्धाळूला आहे. आणि मजा म्हणजे तो मागितलाही श्रद्धाळूंनीच. रॉजर विल्यम्स हा कडवा ख्रिस्ती धर्मोपदेशक. मॅसॅच्युसेट्सच्या धर्मसत्तेनं त्याला हाकललं, १६३६ मध्ये त्यानं प्रॉव्हिडन्स वसवलं, आणि १६४४ मध्ये चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामध्ये भिंत हवी असं लिहिलं. काळजी बागेची होती! रानातले डुकरं आत शिरू नयेत म्हणून. नंतर १८०१ मध्ये डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी (एक ख्रिस्ती पंथ) अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहिलं की आमच्या राज्यात आमचं धर्मस्वातंत्र्य हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून मिळतंय. १८०२ मध्ये जेफरसननं उत्तर दिलं त्यातली 'विभाजनाची भिंत' पुढे न्यायालयांनी उचलली.

आता वर मी लिहिलेलं पुन्हा बघा. १९२० मध्ये 'फंडामेंटलिस्ट' शब्द काढणारं ते नियतकालिक कुणाचं होतं? बाप्टिस्टांचंच. अल्पसंख्य होते तेव्हा भिंत मागितली, संख्या वाढल्यावर त्यांच्यातल्याच एका गटाला ती टोचायला लागली. यात बाप्टिस्टांना वेगळं काढायचं कारण नाही, कुठल्याही धर्माचे लोक एका देशात अल्पसंख्य असतात तेव्हा काय बोलतात आणि दुसऱ्या देशात बहुसंख्य असतात तेव्हा काय, हे ताडून बघा.

जुनी वही

बाप्टिस्टांचा सांधा लक्षात आला नव्हता. दंडवत. (रानातले नाही हो, रानातली डुकरं.)

उंबरठा

@जुनी वही, बरोबर. संपादनाची सोय असती तर आजीचा शब्दही सुधारला असता.

पाणवठा

आतेभाऊ फारच खलनायक झाला आहे या धाग्यात. त्याला काय मिळालं त्यातून, तेही लिहा. उगीच कुणी असं होत नाही.

उंबरठा

खरं आहे. पुढे एकदा त्याच्याशी निवांत बोललो. नोकरीसाठी नव्या शहरात गेला. दोन वर्षं एका खोलीत. कामावरचे लोक चांगले, पण संध्याकाळी सहानंतर कुणी कुणाचं नाही. मग एकदा ताप आला, चार दिवस. सहकाऱ्यानं सहज एका गटात निरोप टाकला. अनोळखी तीन पोरं दारात हजर. औषध आणलं, रात्री एक जण खाली चटईवर झोपला. बरा झाल्यावर त्यांच्या सभेला जायला लागला. "तिथे माझी कुणीतरी वाट बघतं," असं म्हणाला. यावर मी काय बोलणार? राज्यघटनेनं त्याला सगळे हक्क दिलेत, पण चटईवर झोपायला माणूस पाठवायची सोय तिच्यात नाही.

शंकेखोर

राज्यघटनेकडून ती अपेक्षाही नको. पण मी त्या गटाला एक प्रश्न विचारीन. उद्या तुमचा भाऊ म्हणाला, आता मला यायचं नाही, माझं मत बदललं. परवा त्याला ताप आला. चटईवर झोपायला कोण येईल?

उंबरठा

विचारलं होतं. गप्प बसला. मग म्हणाला, "मत बदलणारच नाही."

कोरी पाटी

म्हणजे खरी परीक्षा बाहेर पडता येतं की नाही ही. गट कितीही कर्मठ असू दे, दार उघडं असेल तर सरकारनं आत डोकावू नये. आणि दार बाहेरून कडी लावून बंद असेल तर डोकावलंच पाहिजे. हे मला तरी पटतं.

शंकेखोर

पटायला सोपं आहे, कारण आपण सगळे इथे प्रौढ माणसांबद्दल बोलतोय. दहा वर्षांच्या मुलाचं काय? त्याला दार कुठे आहे हेच शिकवलं नाही तर?

कानामात्रा

इथे माझी गाडी अडते. शाळा सक्तीची करा म्हणावं तर ती रझा शाहची पायरी. आईबापांवर सोडा म्हणावं तर मूल त्यांची मालमत्ता झाल्यासारखं. 'मध्यम मार्ग' म्हणून कुणी काही सुचवू नका, तो शब्द ऐकला की मला झोप येते.

जुनी वही

यावर अमेरिकेतला एक खटला आहे, विस्कॉन्सिन विरुद्ध योडर, १९७२. आमिश लोक माहीत असतील, घोडागाडी वापरणारे, साधेपणानं राहणारे. वर पाणवठा यांनी सांगितलेल्या अर्थानं कर्मठ, कुणावर काही लादत नाहीत. मुलांना आठवीपर्यंत शाळेत पाठवतात, पुढे शेती आणि घर. राज्याचा कायदा सोळा वर्षांपर्यंत शाळेचा. तीन बापांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं बापांच्या बाजूनं निकाल दिला: धर्मस्वातंत्र्याला इथे वरचं स्थान.

मला पूर्वी हा निकाल अगदी योग्य वाटायचा. इतक्या निरुपद्रवी लोकांशी पाच डॉलरसाठी कशाला भांडायचं? मग न्यायमूर्ती डग्लस यांचं वेगळं मत वाचलं. त्यांचं म्हणणं, सगळे बापाच्या धर्माबद्दल बोलत आहेत. शाळेत जायचं होतं ते मुलाला. त्याला पियानो वाजवायचा असेल, अंतराळात जायचं असेल, समुद्राचा अभ्यास करायचा असेल, तर? त्याला विचारायला हवं.

शंकेखोर

आणि विचारलं होतं?

जुनी वही

तीन मुलं होती, चौदा-पंधरा वर्षांची. साक्ष एकाच मुलीची झाली. तिनं सांगितलं की धर्मामुळे मलाच पुढे शिकायचं नाही, म्हणून तिच्यापुरता डग्लस यांनीही निकाल मान्य केला. उरलेल्या दोघांना साक्षीला कुणी बोलावलंच नाही.